रोम आणि कार्थेज: लघुसैन्यांच्या रंगकामाविषयी वाचकांचे प्रश्न

पटावरील युद्धखेळांसाठी प्राचीन सैन्ये रंगवणाऱ्या वाचकांचे बहुतेक प्रश्न या वेळी दुसऱ्या प्युनिक युद्धाविषयी, म्हणजे इ. स. पू. २१८ ते २०१ या काळातील रोमन आणि कार्थेजी (उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या) सैन्यांविषयी आले आहेत. त्यामुळे हे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे आणि एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे प्राचीन लेखकांचा किंवा सापडलेल्या वस्तूंचा आधार आहे तिथे तो सांगितला आहे. जिथे तसा आधार नाही तिथे पटावर काय उठून दिसते याचा विचार करून मत दिले आहे.

प्रश्न: मी २८ मिमी उंचीचे रोमन सैनिक रंगवायला घेतले आहेत. चित्रांत रोमन सैनिक नेहमी लाल अंगरख्यात दिसतो, पण माझ्यासोबत खेळणारे एक गृहस्थ म्हणतात की लाल रंग सर्वस्वी चुकीचा आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर: दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये. प्रजासत्ताक काळातील सामान्य रोमन सैनिकाचा अंगरखा अमुकच रंगाचा होता असे सांगणारा ठोस पुरावा नाही. या काळातील रोमन सैनिक हा मालमत्तेनुसार भरती झालेला नागरिक होता आणि त्याची शस्त्रास्त्रेही त्याच्या ऐपतीप्रमाणे असत. अशा माणसाच्या अंगावर सर्वात स्वाभाविक वस्त्र म्हणजे न रंगवलेल्या लोकरीचे, आणि मेंढीची लोकर शुभ्र पांढऱ्यापासून पिवळट, राखाडी, तपकिरी अशा अनेक छटांची असते. मंजिष्ठेच्या मुळापासून मिळणारा विटकरी लाल हा त्या काळी सहज मिळणारा रंग होता, त्यामुळे काही अंगरखे लाल असायला कोणाची हरकत नसावी. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमनांचा दारुण पराभव केला त्या कॅनीच्या लढाईच्या वर्णनात ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने एक गमतीचा तपशील दिला आहे: सेनापतीच्या तंबूवर किरमिजी अंगरखा टांगला की ती युद्धाची खूण समजली जाई. ज्या छावणीत प्रत्येकाच्या अंगावर तोच रंग आहे तिथे अशी खूण कितपत उठून दिसली असती, याचा विचार तुमच्या मित्रांनी आणि तुम्ही मिळून करावा.

माझी शिफारस अशी आहे. प्रत्येक तुकडीतील साधारण दोनतृतीयांश सैनिकांना मळकट पांढऱ्याच्या तीन वेगवेगळ्या छटा द्या, उरलेल्यांपैकी बहुतेकांना फिकट तपकिरी किंवा राखाडी द्या आणि अगदी थोड्यांना विटलेला विटकरी लाल द्या. झगझगीत लाल फक्त सेनापती आणि त्याच्या निकटच्या अधिकाऱ्यांच्या झग्यांसाठी राखून ठेवा. हाताच्या अंतरावरून पाहिले की ही सरमिसळ एकसंध दिसते, कारण एकसंधपणा मुख्यतः ढालींतून आणि मूर्ती जिच्यावर चिकटवतात त्या तळाच्या पट्टीतून येतो, अंगरख्यातून नव्हे.

रंगापेक्षा मोठी चूक खरेदीतच होते, ती इथे सांगून टाकतो. खांद्यावर आणि छातीवर आडव्या लोखंडी पट्ट्या असलेले चिलखत आणि आयताकृती वळणदार ढाल घेतलेला सैनिक हा साम्राज्यकाळातला आहे. हॅनिबलशी त्याची गाठ कधीच पडली नाही. तुम्हाला हवा तो सैनिक लांबट अंडाकृती ढालीचा, डोक्यावर छोटा गोंडा असलेल्या माँतेफोर्तिनो पद्धतीच्या कांस्य शिरस्त्राणाचा, छातीवर चौकोनी पत्रा किंवा कड्यांचे चिलखत घातलेला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या म्हणण्याप्रमाणे छातीवरचा पत्रा सुमारे एक वीत लांबीरुंदीचा असे आणि ज्यांची मालमत्ता १०,००० द्राख्मांहून अधिक होती ते त्याऐवजी कड्यांचे चिलखत घालत. म्हणून पुढच्या हस्ताती तुकड्यांत पत्रेवाले अधिक आणि मागच्या त्रिआरी तुकड्यांत कड्यांचे चिलखतवाले अधिक असे ठेवले, तर रंग न बदलताही तुकड्या ओळखू येतात.

प्रश्न: रोमन ढालींवर कोणते चिन्ह काढावे? माझ्याकडे पंख आणि विजांच्या आकृत्या असलेली डेकल (चिकटवायची तयार चित्रे) आहेत, ती वापरली तर चालतील का?

उत्तर: पंख आणि वीज ही जोडी आपल्या मनात ट्राजनच्या स्तंभावरून बसली आहे आणि तो स्तंभ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे या युद्धातल्या शेवटच्या, झामाच्या लढाईनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी उभारलेला आहे. ड्युरा-युरोपोस येथे सापडलेली, लाल पृष्ठभागावर गरुड आणि सिंह रंगवलेली प्रसिद्ध ढाल तर आणखी पुढची, तिसऱ्या शतकातली आहे. दोन्ही सुंदर आहेत, पण तुमच्या सैन्यासाठी त्यांचा उपयोग नाही.

तुमच्या काळाच्या जवळची वस्तू म्हणजे इजिप्तमधील फायूम भागात कस्र-एल-हरित येथे १९०० मध्ये सापडलेली ढाल. ती सुमारे १२८ सेंमी उंच आणि साडेत्रेसष्ट सेंमी रुंद असून लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर एकमेकांवर चिकटवून केलेली आहे आणि तिच्यावर लोकरीच्या नमद्याचे आवरण होते. पॉलिबियसने वर्णिलेली ढालही याच घराण्यातली आहे: लाकडाचे दोन थर, त्यावर कापड, त्यावर वासराचे कातडे, वरच्या आणि खालच्या कडेला लोखंडी पट्टी आणि मध्यभागी लोखंडी फुगवटा. या वर्णनातून रंगवणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात. पहिली, ढालीची कड पूर्ण परिघावर धातूची रंगवायची नाही. फक्त वर आणि खाली लोखंडी रंग द्यायचा आणि बाजूच्या कडा कातड्याच्या रंगात सोडायच्या. दुसरी, ढालीच्या मधून वरपासून खालपर्यंत गेलेला उभा कणा लाकडी आहे, म्हणून तो ढालीच्याच रंगाचा किंवा किंचित गडद ठेवायचा. त्यावर चांदीचा रंग फासू नये. एवढे दोन तपशील नीट साधले तर साधी एकरंगी ढालसुद्धा जाणत्याच्या नजरेत भरते.

या काळात प्रत्येक सैन्यदलाचे ठरलेले चिन्ह होते असे मानायला आधार नाही. त्यामुळे एका तुकडीला एक मूळ रंग द्यावा, उदाहरणार्थ गेरू, विटकरी, मोहरीसारखा पिवळा किंवा कच्च्या कातड्याचा रंग, आणि हवे तर साध्या वेलबुट्टीची किंवा प्राण्याची आकृती काढावी. रोमन लेखक प्लिनी सांगतो की सेनापती मारियसपूर्वी रोमन सैन्यात गरुडाबरोबर लांडगा, मिनोटॉर (बैलाचे डोके असलेला माणूस), घोडा आणि रानडुक्कर यांचीही निशाणे असत. ही निशाणे काठीवर मिरवली जात, ढालींवर ती होती असे प्लिनी म्हणत नाही. पण आकृती निवडायचीच असेल तर निदान त्या काळातल्या प्राण्यांतून निवडल्याचे समाधान मिळते.

डेकल वापरणार असाल तर ढाल आधी चकचकीत वार्निशने गुळगुळीत करून घ्या, डेकलमध्ये मधल्या फुगवट्यासाठी भोक पाडून ठेवा आणि मऊ करणारे द्रावण दोनदा लावून ते कण्यावर नीट बसू द्या. ढाली सैनिकाला चिकटवण्याआधीच रंगवाव्यात. हातात धरलेल्या ढालीमागे ब्रश पोचत नाही आणि पोचला तर चिलखत खराब करतो.

प्रश्न: शिरस्त्राणावरील पिसे कोणत्या रंगाची?

उत्तर: इथे पॉलिबियस स्वच्छ शब्दांत बोलतो: जांभळी किंवा काळी, तीन, सरळ उभी, सुमारे एक हात उंचीची. माणूस मुळापेक्षा उंच आणि धिप्पाड दिसावा हा त्यामागचा हेतू तो सांगतो. काळी रंगवणार असाल तर निव्वळ काळ्याऐवजी गडद निळसर राखाडी वापरा आणि टोकांना फिकट छटा द्या, म्हणजे पिसांचा आकार दिसतो. मूर्तीवर घोड्याच्या केसांचा झुपका कोरलेला असेल तर तोही असू द्या.

प्रश्न: कार्थेजचे सैन्य रंगवायला घेतले, पण लिबियन, आयबेरियन, गॉल, न्युमिडियन असे सगळे वेगवेगळे रंगवल्यावर पटावर ते एका सैन्याचे वाटतच नाही. शिवाय लिबियन सैनिक रोमन चिलखतात असल्यामुळे खेळताना गोंधळ होतो.

उत्तर: तुमची तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. ते सैन्य खरोखरच अनेक देशांच्या माणसांचे होते (लिबियन आणि न्युमिडियन उत्तर आफ्रिकेतले, आयबेरियन स्पेनमधले, गॉल आजच्या फ्रान्स आणि उत्तर इटलीतले) आणि त्याची शोभा त्यातच आहे. रोमन सैन्याला एकसारखेपणातून वजन येते. कार्थेजी सैन्यात मात्र प्रत्येक तुकडी स्वतःच्या रंगसंगतीत पक्की असावी आणि शेजारच्या तुकडीपासून स्पष्ट वेगळी दिसावी. सगळ्यांना जबरदस्तीने एक गणवेश चढवला की सैन्य निर्जीव होते. एकत्र बांधण्याचे काम दोन गोष्टींवर सोपवा. तळाच्या पट्टीवरील जमीन सर्वत्र तंतोतंत एकाच मिश्रणाची, एकाच रंगाची आणि एकाच गवताची असावी. आणि एक रंग, समजा गडद निळा किंवा गडद जांभळट लाल, प्रत्येक तुकडीत कुठेतरी थोडासा यावा: लिबियनांच्या ढालींवर, आयबेरियनांच्या काठांवर, गॉलांच्या एखाद्या चौकड्याच्या झग्यात, हत्तीच्या झुलीत. पाहणाऱ्याला तो रंग जाणीवपूर्वक दिसत नाही, पण डोळा तो जोडून घेतो.

आता तुकड्यांविषयी. पॉलिबियस सांगतो की इटलीतील त्रासिमेन सरोवराच्या लढाईनंतर, म्हणजे इ. स. पू. २१७ मध्ये, हॅनिबलने आपल्या लिबियन पायदळाला लुटीतली उत्तमोत्तम रोमन शस्त्रे दिली. पुढच्या वर्षी कॅनी येथे ते रोमनांसारखेच दिसत होते. त्यामुळे तुमचा गोंधळ ऐतिहासिकदृष्ट्या अगदी योग्य आहे, पण खेळात तो नको. उपाय असा की लुटीतल्या ढाली नव्या धन्याने रंगवून घेतल्या असे मानायचे आणि सगळ्या लिबियन ढालींना रोमन बाजूला कुठेच नसलेला मूळ रंग द्यायचा. माझी पसंती पांढऱ्याला आहे. त्यापूर्वीच्या शतकात सिसिलीतील क्रिमिसस नदीवरच्या लढाईत कार्थेजच्या नागरिक सैनिकांकडे पांढऱ्या ढाली असल्याचे प्लुटार्क सांगतो. लिबियनांना तो आधार थेट लागू होत नाही, पण पांढरा रंग कार्थेजशी जुळणारा वाटतो. शिवाय लिबियनांच्या शिरस्त्राणांवर तीन पिसे ठेवू नका; एवढ्याने प्रतिस्पर्धी चुकणार नाही. तुमचा प्रसंग त्याआधीच्या त्रेबिया नदीवरच्या लढाईचा, म्हणजे इ. स. पू. २१८ च्या डिसेंबरातला असेल तर ही अडचण उद्भवतच नाही, कारण तेव्हा ही लूट हाती आलेली नव्हती.

गॉल रंगवणे हा सर्वात आनंदाचा भाग आहे आणि तिथे हात सैल सोडावा. ग्रीक इतिहासकार डायोडोरस त्यांचे रंगीबेरंगी अंगरखे, विजारी आणि चौकड्यांचे झगे वर्णन करतो, तसेच केस चुन्याच्या पाण्याने धुऊन मागे वळवण्याची त्यांची रीतही सांगतो. म्हणून काही डोकी राठ, पिवळट पांढरी रंगवा. कॅनीच्या वर्णनात पॉलिबियस गॉलांना नग्न म्हणतो आणि रोमन इतिहासकार लिव्ही कमरेपर्यंत उघडे म्हणतो. विजार घातलेले उघड्या अंगाचे सैनिक घेतले तर निदान लिव्ही तुमच्या बाजूला राहतो. चौकडे प्रत्येकाच्या अंगावर काढू नका. वीस जणांच्या तुकडीत पुढच्या रांगेतल्या चारपाच जणांवर ते नीट काढले की बाकीचे साध्या पट्ट्यांत खपून जातात.

स्पेनजवळच्या बॅलेरिक बेटांवरील गोफणवाल्यांवर फार वेळ घालवू नये. साधा फिकट अंगरखा आणि उन्हात रापलेली त्वचा पुरते. डायोडोरसच्या वर्णनानुसार ते तीन गोफणी बाळगत, एक डोक्याभोवती, एक कमरेला आणि एक हातात. त्यामुळे कपाळावर एक फिकट दोरीची रेघ ओढली की तो गोफणवाला झाला.

प्रश्न: आयबेरियन सैनिकांचे पांढरे अंगरखे खडूसारखे दिसतात आणि जांभळा काठ तर सरळ येतच नाही.

उत्तर: पांढऱ्याची सुरुवात पांढऱ्याने केली की असेच होते. मूर्तीला राखाडी किंवा फिकट तपकिरी प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) द्या. त्यावर राखाडीकडे झुकणारा बदामी रंग संपूर्ण अंगरख्यावर लावा. हा रंग पुढे चुण्यांमध्ये सावली म्हणून उरणार आहे. मग त्यात मळकट पांढरा मिसळून, दुधाएवढा पातळ करून, चुण्या सोडून उरलेल्या उंच भागावर दोन थर द्या. पातळ थर पहिल्यांदा काहीच न झाल्यासारखा दिसतो आणि इथेच धीर सुटून माणूस घट्ट रंग फासतो. पहिला थर पूर्ण वाळू द्या, दुसऱ्याने काम होते. निव्वळ पांढरा अगदी शेवटी, खांद्याच्या कडेला, छातीच्या उंचवट्यावर आणि मांडीवर ताणलेल्या कापडाच्या धारेवर तेवढा एकेक रेघ लावायचा. पांढऱ्यावर काळा वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) कधीही देऊ नये; तो वाळताना कडांना गोळा होतो आणि अंगरख्यावर डबक्यांचे डाग पडतात.

काठासाठी अगदी बारीक ब्रश घेतला तर त्यात रंग राहत नाही आणि रेघ मध्येच वाळते. मध्यम आकाराचा पण अणकुचीदार टोकाचा ब्रश घ्या, रंगात थोडे पाणी घाला, टोक कागदावर एकदा फिरवून जादा रंग काढा आणि मनगट टेबलावर टेकवून ब्रश स्थिर ठेवत मूर्ती फिरवा. रेघ वाकडी गेली तर जांभळ्याने सरळ करू नका, तसे केले की काठ जाड होत जातो. वरून मळकट पांढऱ्याची रेघ ओढून ती कापा. जांभळा तरी कोणता, असाही प्रश्न काहींनी विचारला आहे. म्युरेक्स गोगलगायींपासून मिळणारा खरा जांभळा अतिशय महाग होता, म्हणून सामान्य सैनिकाच्या काठाला लालसर, थोडा विटलेला जांभळा मला अधिक पटतो. लिव्ही या अंगरख्यांचा पांढरेपणा डोळे दिपवणारा होता असे म्हणतो, तेव्हा पांढरा मात्र स्वच्छच ठेवा. रोमनांच्या मळकट लोकरीशेजारी आयबेरियन तुकडी त्यामुळे झळकून उठते.

प्रश्न: हत्ती कसा रंगवावा? आणि त्यावर हौदा बसवावा का?

उत्तर: कार्थेजचे हत्ती उत्तर आफ्रिकेतले, आता नामशेष झालेले आणि भारतीय हत्तीपेक्षा लहान होते. इ. स. पू. २१७ मध्ये राफियाच्या लढाईत आफ्रिकी हत्ती भारतीय हत्तींच्या वासाने आणि चीत्काराने बिचकले, असे पॉलिबियस लिहितो. म्हणून आधी मूर्ती तपासा: कान मोठे आणि पाठ मध्ये खोलगट असावी. कपाळाला दोन उंचवटे आणि पाठ कमानदार असेल तर तो भारतीय हत्ती आहे, आणि त्याला पश्चिम आशियातल्या सिल्युकिड राज्याच्या सैन्यात धाडलेले बरे.

रंगाच्या बाबतीत बहुतेक जण शुद्ध राखाडी वापरतात आणि हत्ती दगडाचा दिसतो. हत्तीची कातडी तो ज्या मातीत लोळतो तिचा रंग घेते. गडद राखाडीत तपकिरी मिसळून मूळ थर द्या, त्यावर गडद तपकिरी वॉश सुरकुत्यांत उतरू द्या आणि तो पूर्ण वाळल्यावर ड्रायब्रश करा. त्यासाठी ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि सुरकुत्यांना आडवा फिरवावा. सुरकुत्यांच्या दिशेने फिरवला तर रंग खाचांत शिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी पायांवर गुडघ्यांपर्यंत, पोटाच्या खालच्या बाजूला आणि सोंडेच्या टोकाला तळाच्या जमिनीचाच रंग अगदी हलका फिरवा. कानांवर आणि सोंडेवर गुलाबी ठिपके काढायचा मोह टाळा, ती भारतीय हत्तीची खूण आहे. सुळे पांढरे नसून पिवळट असतात आणि मुळाशी तपकिरी होत जातात. एखाद्या हत्तीचा एक सुळा मोडका ठेवायला हरकत नाही: कार्थेजी सैन्यात सर्वात शौर्याने लढलेला सुरुस नावाचा हत्ती एका मोडक्या सुळ्याचा होता, असे रोमन लेखक काटोच्या आधारे प्लिनीने नोंदवले आहे.

हौद्याविषयी मतभेद आहेत. स्पेनमध्ये हॅनिबलच्या बार्का घराण्याच्या अमलात पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर हत्तीच्या मानेवर फक्त माहूत दिसतो, हौदा नाही. राफियाला इजिप्तचा राजा टॉलेमी याच्या हत्तींवर लढवय्ये बसवलेले हौदे होते, पण हॅनिबलच्या हत्तींसाठी मी तो वगळीन. खोक्यात हौदा आला असेल तर तो न चिकटवता रंगवून बाजूला ठेवा, टॉलेमीचे सैन्य केव्हातरी घ्यावेसे वाटेलच. माहुताकडे मात्र लक्ष द्या. इ. स. पू. २०७ मध्ये मेतौरसच्या लढाईत हॅनिबलचा भाऊ हस्द्रुबल याच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती पिसाळून आपल्याच लोकांवर उलटला की मानेच्या सांध्यावर छिन्नी ठोकून त्याला ठार करायचे, असे लिव्ही सांगतो. अंकुशाबरोबर माहुताच्या कमरेला बारीक तारेची छिन्नी चिकटवली तर हत्ती हे किती दुधारी शस्त्र होते ते न सांगता कळते.

प्रश्न: न्युमिडियन घोडेस्वारांच्या घोड्यांना लगाम कोरलेले आहेत. ते तसेच रंगवावेत का?

उत्तर: तासून टाका. न्युमिडियन लगामाशिवाय घोडा हाकत, याविषयी प्राचीन लेखक एकमुखाने बोलतात. लिव्हीने त्यांचे घोडे आणि स्वार दोन्ही लहान चणीचे, सडपातळ, आणि घोडे ताठ मानेने डोके पुढे काढून धावणारे असे वर्णन केले आहे. धारदार पात्याने लगाम काढून बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि हवी तर गळ्याभोवती एक दोरी रंगवा. घोडे एकाच छटेचे रंगवू नका. तांबूस तपकिरी घोड्याची आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे असतात, तर पिंगट घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा फिकट असते. हा एक नियम पाळला तरी घोडे खरे वाटतात.

प्रश्न: उत्साहाच्या भरात शेकडो सैनिक घेतले, आता ते पाहूनच धीर खचतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: प्रथम संख्या ठरवा, रंग नंतर. पॉलिबियसच्या हिशेबाप्रमाणे एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्यदलात, १,२०० हस्ताती, १,२०० प्रिन्सिपे (मधल्या रांगेचे), ६०० त्रिआरी आणि १,२०० वेलिते (हलके पायदळ) असत. एक मूर्ती म्हणजे ५० माणसे धरली तर २४, २४, १२ आणि २४, अशा ८४ मूर्तींत एक लीजन पूर्ण होते आणि घोडदळाच्या ३०० स्वारांसाठी आणखी सहा लागतात. बाकीच्या खोक्यांना तोवर हात लावू नका. वेलितेंपासून सुरुवात करा, कारण त्यांना चिलखत नाही, गोल ढाल छोटी आहे आणि काही चुका लांडग्याच्या कातड्याखाली झाकता येतात.

बारा मूर्ती एका पट्टीवर तात्पुरत्या चिकटवून एकेक रंग सर्वांना एकदम द्या आणि आतून बाहेर या क्रमाने जा: त्वचा, अंगरखा, चिलखत, पट्टे, शिरस्त्राण, ढाल. कड्यांच्या चिलखतासाठी गडद राखाडी किंवा काळ्यावर लोखंडी रंगाचा ड्रायब्रश आणि पातळ काळा वॉश एवढेच लागते. कांस्याला मात्र तपकिरी वॉश द्यावा, म्हणजे शिरस्त्राण आणि चिलखत या दोन धातूंत फरक दिसतो. संग्रहालयांतली शिरस्त्राणे हिरवी पडली आहेत म्हणून तुमचीही हिरवी रंगवू नका. वापरातले कांस्य सोनेरी तपकिरी असते. डोळे, दाढीची सावली, ढालीवरचे ओरखडे हे सोपस्कार पुढच्या रांगेसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी ठेवा. मागच्या रांगेला पटावर कोणी तोंडाने ओळखत नाही.

हातातले सैनिक १५ मिमीचे असतील तर सगळे रंग एक छटा फिकट घ्या आणि वॉश पातळ ठेवा. २८ मिमीवर देखणा दिसणारा गडद वॉश त्या आकारात चिखल करतो. ६ मिमीला तर तुकडीचा एकत्रित रंग एवढेच काम उरते, आणि कॅनीसारखी प्रचंड लढाई पटावर मांडायला तोच आकार मला सर्वात योग्य वाटतो.

प्रश्न: १/७२ प्रमाणातल्या मऊ प्लास्टिकच्या सैनिकांचा रंग भाल्यांवरून निघून जातो.

उत्तर: हे प्लास्टिक वाकते आणि वर बसलेला कडक रंग वाकत नाही. मूर्ती भांडी धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन साच्याचे तेल घालवा, प्रायमरआधी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा एक थर द्या, अॅक्रिलिक रंगच वापरा आणि शेवटी वार्निश द्या. वाकडा भाला गरम पाण्यात बुडवून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात धरावा. लांब भाले मात्र कापून टाकून त्या जागी झाडूचा जाड नायलॉनचा तंतू किंवा तार बसवणे केव्हाही चांगले.

प्रश्न: मॅट वार्निशचा फवारा मारल्यावर सगळ्या तुकडीवर पांढरे धुके पसरले. काही उपाय आहे का?

उत्तर: हवेतला दमटपणा, न हलवलेला डबा किंवा एकदम जाड फवारा, यांपैकी काहीतरी कारण आहे. वार्निश पूर्ण वाळू द्या आणि मग एका मूर्तीवर ब्रशने चकचकीत वार्निश लावून पाहा. बहुतेक वेळा धुके नाहीसे होते. त्यानंतर कोरड्या हवेच्या दिवशी पातळ मॅट थर द्यावा. पुढच्या वेळी आधी चकचकीत आणि मग मॅट असाच क्रम ठेवा, आणि एखाद्या टाकाऊ मूर्तीवर चाचणी घेतल्याशिवाय अख्खी तुकडी फवाऱ्यासमोर मांडू नका.

प्रश्न: तळाची जमीन हिरवी ठेवावी की मातकट?

उत्तर: लढाई कोणती, यावर ते अवलंबून आहे. कॅनी ऑगस्टमध्ये, इटलीच्या कोरड्या आग्नेय भागात झाली आणि वाऱ्याने उडवलेली धूळ रोमनांच्या तोंडावर येत होती, असे लिव्ही सांगतो. तिथे फिकट पिवळट माती आणि वाळलेले गवत हवे. त्रेबियाला रोमन सैनिक कडाक्याच्या थंडीत बर्फाळ पाण्याची नदी ओलांडून आले होते, म्हणून तिथे ओली गडद माती आणि विरळ बर्फ शोभेल. दोन्हींसाठी एकच सैन्य वापरायचे असेल तर कॅनीची जमीन निवडा, ती आफ्रिकेत झामालाही चालते. झामाला कार्थेजकडे ऐंशीहून अधिक हत्ती होते आणि रोमन सेनापती स्किपिओने त्यांना वाट देण्यासाठी तुकड्यांमध्ये मोकळ्या गल्ल्या ठेवून त्यांत वेलिते उभे केले होते. ती चाल खेळायची असेल तर वेलिते हस्तातींबरोबर एका पट्टीवर चिकटवू नका, वेगळ्या पट्ट्यांवर ठेवा.

प्रश्न: हॅनिबलची मूर्ती रंगवतो आहे. त्याचा कोणता डोळा गेला होता?

उत्तर: इ. स. पू. २१७ च्या वसंतात आर्नो नदीच्या दलदलीतून जाताना त्याला डोळ्यांचा विकार झाला आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. पॉलिबियस आणि लिव्ही बाजू सांगत नाहीत. रोमन चरित्रकार कॉर्नेलियस नेपोस उजवा डोळा म्हणतो, तेव्हा उजवाच धरा. तुमची लढाई त्रेबियाची असेल तर दोन्ही डोळे शाबूत ठेवा. दलदलीच्या त्या प्रवासात हॅनिबल वाचलेल्या एकमेव हत्तीवर बसला होता, तेव्हा सेनापतीला हत्तीवर बसवलेली मूर्ती मिळाली तर तीही चालेल, पण ती दलदलीच्या प्रसंगापुरती. घोड्यावरच्या मूर्तीसाठी लिव्हीचे एक वाक्य उपयोगी आहे: हॅनिबलचा पोशाख बरोबरीच्या लोकांपेक्षा वेगळा नसे, त्याची शस्त्रे आणि घोडे मात्र नजरेत भरत. म्हणून झगा साधा, इतर अधिकाऱ्यांसारखाच रंगवा आणि तुमचा उरलेला सगळा वेळ घोड्याच्या अंगावरच्या छटांना, खोगिराच्या कापडाला आणि तलवारीच्या मुठीला द्या.